हिशेबाच्या यंत्रांची जत्रा

जत्रा हा शब्द उच्चारला की आमच्या बुलढाणे जिल्ह्यातल्या माणसाला सैलानी आठवते, देऊळगाव राजाच्या बालाजीचा उत्सव आठवतो, शेगावचा प्रकटदिन आठवतो. देवदर्शन तर खरेच. पण जत्रेची आणखी एक ओढ असते, ती म्हणजे हात लावून पाहण्याची. बांगडी मनगटात चढवून पाहावी, पिपाणी वाजवून पाहावी, न घेताच पुढे सरकावे. दुकानदार फार तर कपाळाला आठी घालतो. वस्तुसंग्रहालयात मुले कंटाळतात, कारण तिथे जागोजागी पाटी असते, 'हात लावू नये'.

परदेशात मात्र एक अशी जत्रा भरते की जिथे जुनी वस्तू मांडलेली असते आणि तिला हात लावण्याची मुभाही असते. १९९७ साली कॅलिफोर्नियात सेलम इस्माईल नावाच्या एका हौशी गृहस्थाने जुन्या संगणकांचा उत्सव भरविला. पुढे २००० साली जर्मनीत म्यूनिकला तसाच उत्सव सुरू झाला आणि मग ती प्रथा इतरत्रही पसरली. माणसे आपापल्या माळ्यावरची, कोठीतली जुनी यंत्रे दुरुस्त करून आणतात, टेबलावर मांडतात, वीज जोडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतात, बसा, दाबा कळ, बिघडले तर मी आहेच. हा प्रकार प्रथम वाचनात आला तेव्हा मला हसू आले. मागाहून विचार करू लागलो, की अशी जत्रा खामगावात किंवा शेगावात भरली तर आपण टेबलावर काय मांडू? आणि हसू मावळले.

खामगाव म्हणजे कापसाचे गाव. केवळ हा कापूस बंदराकडे नेता यावा म्हणून १८७० साली जलंब ते खामगाव असा आठ मैलांचा लोहमार्ग टाकण्यात आला. त्या बाजारात दिवसभर जो हिशेब चाले त्याला यंत्र नव्हते. यंत्र होते ते मुनिमाच्या तोंडात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी! आजच्या मुलांना ही नावे एखाद्या खेळातली वाटतील. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. माझे आजोबा अडतीच्या दुकानात लेखणी घासत, आणि हे पाढे त्यांना झोपेत विचारले तरी येत असत.

हे पाढे उगाच पाठ करून घेत नसत. अडीचकीचेच पाहा. मण चाळीस शेरांचा आणि रुपया सोळा आण्यांचा. चाळिसाला सोळाने भागले की येतात अडीच. म्हणून मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितकेच आणे! भाव मणाला तेवीस रुपये असेल, तर अडीच शेरांचे तेवीस आणे, पाच शेरांचे सेहेचाळीस. भागाकार नाही, पाटी नाही, पेन्सिल नाही. एका पिढीने एकदा डोके चालवून उत्तर काढले आणि पुढच्या दहा पिढ्यांनी ते जिभेवर साठवून ठेवले. संगणकशास्त्रातले लोक ज्याला स्मृतीत साठवलेली सारणी म्हणतात ती ह्याहून निराळी नव्हे. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, मागोमाग किलोग्रॅम आले, आणि हे सारे शास्त्र एका दशकात निरुपयोगी झाले. ते गेले ह्याचे मला दुःख नाही. दशमान पद्धत सरस आहे ह्याबद्दल वाद नको. पण ते कसे चालत असे हे सांगणारा माणूस आज शोधावा लागतो.

त्या जत्रेत दुसऱ्या टेबलावर हाताने फिरवण्याचे आकडेयंत्र हवे. फॅसिट नावाची स्वीडिश बनावटीची यंत्रे कित्येक कचेऱ्यांतून असत. हे यंत्र फक्त बेरीज जाणते आणि दांडा उलटा फिरवला की वजाबाकी. तेविसाने गुणायचे असेल तर दांडा तीनदा फिरवा, एक घर सरकवा, पुन्हा दोनदा फिरवा, झाला गुणाकार. भागाकाराची तर मौजच. वजा करीत करीत जायचे, आणि प्रमाणाबाहेर वजा झाले की आतली घंटा वाजते! मग एकदा सुलटा फिरवून चूक भरून काढायची, घर सरकवायचे आणि पुढे चालू लागायचे. आठदहा वर्षांच्या मुलाला हे यंत्र अर्धा तास द्यावे. भागाकार म्हणजे काय हे त्याला पुन्हा शिकवावे लागणार नाही, कारण ते त्याच्या मनगटाला कळलेले असेल.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. आपल्या महाराष्ट्रात, मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक संगणक बांधला गेला. विकत आणला नाही, बांधला. भारतात त्याआधी संगणक नव्हता असे नाही. कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत महालनोबीस ह्यांनी १९५५ साली विलायतेहून एक आणविला होता. पण मुंबईत डॉ. भाभांच्या संस्थेने तो स्वतःच बनवायचे ठरविले. रंगस्वामी नरसिंहन हे अमेरिकेतून गणित शिकून १९५४ साली परतले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळी कामाला लागली. प्रथम नमुन्यादाखल एक लहान यंत्र केले, ते १९५६ मध्ये चालू झाले. मग मोठे हाती घेतले, ते १९६० च्या आरंभी पुरे झाले. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी कुलाब्याला संस्थेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन केले, तेव्हा ह्या यंत्राचे बारसे झाले, 'टिफ्रॅक'.

काय होते त्यात? २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक. अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच असे पोलादी कपाट. म्हणजे आपल्याकडच्या घरात माजघर आणि ओटी मिळून जेवढी लांबी होईल तेवढे एकच यंत्र. स्मृती होती ती फेराइटच्या बारीक कड्यांची. ही कडी म्हणजे मोहरीच्या दाण्यासारखी वस्तू. तिच्या भोकातून तारा ओवायच्या. कडी एका दिशेने चुंबकित झाली तर एक, उलट दिशेने झाली तर शून्य. गंमत अशी, की कडीत काय आहे हे वाचायला गेले की ते पुसले जाते, म्हणून वाचून होताच ते पुन्हा लिहून ठेवावे लागे. टिफ्रॅकच्या स्मृतीत २,०४८ शब्द आणि प्रत्येक शब्द चाळीस अंकांचा, म्हणजे ८१,९२० कड्यांइतके काम. जगभर अशा स्मृतींचे ओवणकाम हातांनीच होई आणि ते बहुधा स्त्रिया करीत. खामगावच्या चांदीच्या पेढीवर तारकाम पाहिलेल्याला ह्या कामाची जात लगेच ओळखू येईल. आणि इतके करून त्या स्मृतीत साठणार किती? आजच्या युनिकोड पद्धतीने लिहिला तर प्रस्तुत लेखाचा निम्मा भागही त्यात मावला नसता.

तरीही ह्या यंत्रावर शास्त्रज्ञांनी खरी गणिते केली. पण संगणकाचे आयुष्य बैलाहूनही कमी. टिफ्रॅक हाती आला तोवर जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे बलाढ्य अमेरिकी यंत्र आले, आणि आपले घरचे यंत्र लवकरच निवृत्त झाले. आज कळ दाबून ज्याच्या नळ्या उजळाव्यात असा टिफ्रॅक कुठेही नाही.

ह्याच्याशेजारी इंग्लंडमधली एक हकीकत ठेवतो. हारवेल येथील अणुसंशोधन केंद्रात १९५१ साली एक संगणक चालू झाला. तो इतका मंद होता की एका गुणाकाराला पाचदहा सेकंद घेई. तिथल्या एका हिशेबनिसाने हातयंत्र घेऊन त्याच्याशी शर्यत लावली, आणि अर्धा तास तो बरोबरीने चालला! मग माणूस दमला आणि यंत्र दमले नाही, हाच काय तो फरक. १९५७ मध्ये हे यंत्र केंद्राने काढून टाकले, पण मोडीत घातले नाही. वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्रमहाविद्यालयाला दिले. तिथे मुले त्यावर १९७३ पर्यंत शिकली. मग ते संग्रहालयात गेले, मग गोदामात पडले, आणि शेवटी हौशी माणसांनी ते जोडून २०१२ साली ब्लेचली पार्कच्या संगणक-संग्रहालयात पुन्हा सुरू केले. त्याच्या नळ्यांतून प्रकाशाचे ठिपके गोल फिरतात आणि आकडा मोजला जाताना डोळ्यांना दिसतो. टिफ्रॅक ह्या यंत्राहून कितीतरी पुढारलेला होता. फरक एवढाच, की एकाला निवृत्तीनंतर शाळेत नोकरी मिळाली.

पुढचा इतिहास वाचकांपैकी अनेकांनी स्वतः पाहिला आहे, म्हणून भरभर सांगतो. १९८४ च्या सुमारास शाळांसाठी संगणक-साक्षरतेची योजना निघाली आणि बीबीसी मायक्रो नावाचे विलायती यंत्र निवडक शाळांत पोचले. हवामानाच्या गणितासाठी आपण अमेरिकेकडे महासंगणक मागितला, तर मागितला त्याहून हलका मिळाला, तोही हवामानापुरताच वापरायच्या अटीवर. भेंडवळच्या घटमांडणीकडे कान लावून बसणाऱ्या आमच्या जिल्ह्याला पावसाच्या अंदाजाची किंमत कुणी सांगायला नको! मग १९८८ मध्ये पुण्याला सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ मध्ये तिने 'परम' उभा केला. त्याचे कर्ते डॉ. विजय भटकर हे १९४६ साली शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेले. वऱ्हाडी माणसाला हे सांगताना मूठभर मांस चढते, ते चढू द्यावे.

पण जत्रेतले शेवटचे टेबल मला ह्या साऱ्यांहून महत्त्वाचे वाटते, आणि त्यावर मांडायचे यंत्र अगदी सामान्य आहे: कोणत्याही छापखान्याच्या कोपऱ्यात मिळेल असा तीसएक वर्षांपूर्वीचा संगणक, त्यातले मराठी टंक आणि साडेतीन इंची चकत्यांचा डबा. (औट इंची म्हणावे काय?) १९९१ साली देवनागरीच्या संकेतांकांचे भारतीय प्रमाण ठरले, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी आली. तरी छापखान्यांत राज्य चालले ते ज्याच्या त्याच्या टंकाचे. कृतिदेव नावाच्या टंकात 'राम' लिहिले की यंत्राच्या पोटात इंग्रजी जे, के, ई ही अक्षरे साठतात. टंक आहे तोवर राम दिसतो. टंक गेला की जे, के, ई उरतात. दुसऱ्या कंपनीच्या टंकात त्याच रामाचे आकडे आणखी निराळे. अशा रीतीने त्या काळात हजारो मराठी लेख, कविता, प्रबंध आणि दिवाळी अंक जुळविले गेले.

ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. तो एखाद्या ग्रंथालयात हाती लागला, तर चष्मा पुसून आपण तो आजही वाचू शकतो. पण १९९५ साली चकतीवर साठवलेला आणि छापायचा राहून गेलेला एखाद्या लेखकाचा मजकूर वाचायचा तर चकतीचे चुंबकी लेपण शाबूत हवे, ती फिरवणारे यंत्र हवे, तो टंक हवा आणि तो टंक ओळखणारा माणूसही हवा. ह्या चौघांपैकी एक गैरहजर असला की बाकीचे तिघे व्यर्थ. मोडीचे असेच झाले. मोडी शाळेतून गेली आणि आजोबांच्या वह्या घरात असून घरच्यांना परक्या झाल्या. त्या वाचणारे जाणकार निदान थोडे तरी उरले आहेत, आणि कागद वाट पाहतो. चुंबकी चकती कागदाइतकी वाट पाहत नाही.

म्हणून ही जत्रा भरवावी, आणि ती आमच्याकडे भरवावी असे मला वाटते. शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जिल्ह्यात हात चालवणारी तरुण मुले आहेत, आणि गावोगावचे जुने जुळारी आहेत. येणाऱ्याने माळ्यावरचा डबा काढून बरोबर आणावा. एका टेबलावर चकती वाचणारे यंत्र, दुसऱ्यावर जुना टंक नव्या संकेतात उतरवून देणारा विद्यार्थी, शेजारी तो टंक नुसत्या नजरेने ओळखणारा जुळारी. मुलांसाठी घंटा वाजवणारे फॅसिट यंत्र असावेच. आणि दाराशी, मंडपात शिरण्याआधी, कुणी वृद्ध मुनीम मिळाला तर त्याला खुर्ची देऊन बसवावे आणि अडीचकी म्हणायला लावावी.