भरलेल्या ट्रॉलीचं वजन कुठे करायचं? मोबाईलवरून जवळचा वजनकाटा असा शोधा

आपल्या धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन निघालं की ट्रॅक्टर-ट्रॉल्या बाजाराच्या वाटेला लागतात आणि दिवाळीच्या पुढेमागे उसाच्या गाड्या सुरू होतात. ट्रॉली भरताना सगळे घाईत असतात. "वजन काय, तिथं गेल्यावर होईलच की!" असं म्हणून निघायचं, हीच आपली सवय.

माझ्या घरीही तेच चालायचं. दोन वर्षांपूर्वी काकांसोबत सोयाबीन घेऊन गेलो. घरच्या अंदाजापेक्षा तिथला आकडा जवळपास तीन क्विंटलने कमी निघाला. आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, म्हणून गप्प बसलो. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, म्हणजे त्या हिशेबाने ती सोळा हजारांची गोष्ट झाली. आमचा अंदाज चुकला होता की काटा, हे आजही सांगता येत नाही. तेव्हापासून मी निघायच्या आधी बाहेरच्या काट्यावर वजन करतो. ते कसं, ते आज पाहूया.

काटा मॅपवर कसा शोधायचा?

1) गुगल मॅप्समध्ये एकच शब्द टाकून थांबू नका. "वजन काटा", "धर्मकाटा", "वे ब्रिज" असे तिन्ही शब्द टाका. वे ब्रिज इंग्रजी स्पेलिंगनेही शोधा, कारण बऱ्याच मालकांनी नाव इंग्रजीतच टाकलेलं असतं.

2) आधी जायचा रस्ता लावा, मग त्याच रस्त्यावर काटा शोधा. दिशा सुरू केल्यावर भिंगाच्या खुणेवर टॅप करून नाव टाकलं की वाटेतलेच काटे दिसतात. भरलेली ट्रॉली उलट दिशेने पाच किलोमीटर नेणं डिझेलला परवडत नाही.

3) मॅपवर काहीच दिसलं नाही, तर काटा जिथे असण्याची शक्यता जास्त ती ठिकाणं शोधा: बाजार समितीचं आवार, साखर कारखान्याचा परिसर, डाळ मिल, ऑइल मिल, खडी क्रशर, एमआयडीसी आणि हायवेवरचे मोठे पेट्रोल पंप. आपल्याकडे सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येरमाळा हा राष्ट्रीय महामार्ग 52 आणि नळदुर्ग-उमरगा हा महामार्ग 65, या दोन रस्त्यांवर आधी नजर टाका.

4) निघण्याआधी फोन करा आणि तीनच प्रश्न विचारा. काटा चालू आहे का? किती टनांचा आणि प्लेट किती लांब आहे? बाहेरच्या गाडीचं वजन करून छापील पावती देता का? कारखान्यांचे आणि मिलचे काही काटे फक्त त्यांच्याच मालासाठी असतात.

5) चांगला काटा सापडला की मॅपमध्ये "सेव्ह" करा आणि त्या भागाचा ऑफलाइन मॅप डाउनलोड करून ठेवा. बालाघाटाच्या डोंगरात रेंज कधी जाईल सांगता येत नाही.

काट्यावर गेल्यावर काय बघायचं?

प्लेटखाली लोड सेल नावाचे सेन्सर असतात. वजन पडलं की त्यांतला विजेचा सिग्नल किंचित बदलतो आणि तोच आकडा होऊन स्क्रीनवर येतो. म्हणून गाडी चढण्याआधी स्क्रीनवर शून्य आहे का, हे आधी बघा. प्लेटच्या फटीत दगड-माती अडकली असेल तरी आकडा चुकतो.

अशा काट्याची वैध मापन विभागाकडून दर 12 महिन्यांनी पडताळणी व्हावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दिसेल असं लावावं लागतं. त्यावरची तारीख बघा. फोटो काढायला लाजू नका.

पावतीवर तीन आकडे असतात. ग्रॉस म्हणजे मालासकट गाडी, टेअर म्हणजे रिकामी गाडी आणि नेट म्हणजे नुसता माल. दोन्ही वेळी ड्रायव्हर एक तर गाडीवर किंवा दोन्ही वेळी खाली हवा. पावतीची शाई उडते, म्हणून लगेच फोटो काढा.

ट्रॉली जोडलेली असेल तर?

एक उदाहरण घेऊ. नुसता ट्रॅक्टर 2,150 किलो, ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली मिळून 7,900 किलो. म्हणजे भरलेली ट्रॉली 5,750 किलो. रिकामी ट्रॉली 1,450 असेल, तर माल 4,300 किलो, म्हणजे 43 क्विंटल.

दोन चाकी ट्रॉली असेल तर आणखी एक वजन करा. ट्रॉली जोडलेलीच ठेवून फक्त ट्रॅक्टर प्लेटवर घ्या. आकडा 2,900 आला, तर 750 किलो भार ट्रॉलीच्या दांडीवरून ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूवर येतोय. हा भार जास्त झाला की पुढची चाकं हलकी होतात. तुळजापूरच्या घाटासारख्या चढावर स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही, पुढचं तोंड उचलतं आणि जीवावर बेततं. त्यामुळे हे वजन पैशांपेक्षाही महत्त्वाचं आहे. माल थोडा मागे सरकवला की हा भार कमी होतो, पण फार मागेही नेऊ नका, ट्रॉली डोलायला लागते.

गाडीची मर्यादा किती?

डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये आरसी उघडा. त्यात रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट परवानगी असलेलं एकूण वजन दिलेलं असतं. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असेल तर तिचीही आरसी बघा. ट्रकवाल्यांनो, 2018 च्या बदलानंतर चार टायरच्या एका मागच्या अक्सलची मर्यादा 10.2 वरून 11.5 टन झाली, पण तुमच्या गाडीसाठी आरसीवरचा आकडाच धरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये जादा मालाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. वजन करायला नकार दिला तर 40,000 रुपये.

दोन काट्यांत फरक आला तर?

20-40 किलोचा फरक आला म्हणून लगेच "काटा मारला" म्हणू नका. बरेच काटे 5 किंवा 10 किलोच्या टप्प्यानेच आकडा दाखवतात, शिवाय वाटेत डिझेल जळतं आणि मालातला ओलावाही कमी होतो. पण फरक क्विंटलमध्ये असेल, तर भांडण न करता त्याच काट्यावर पुन्हा वजन मागा, दोन्ही पावत्यांचे फोटो ठेवा आणि वैध मापन विभागाकडे तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही माहिती मिळते.

गेल्या हंगामात आमच्या बाहेरच्या पावतीत आणि खरेदीच्या पावतीत फक्त 15 किलोचा फरक आला. काकांनी दोन्ही पावत्या घडी करून खिशात ठेवल्या आणि म्हणाले, "आता झोप लागंल." माहिती उपयोगी वाटली तर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नक्की टाका, उद्या कुणाची तरी ट्रॉली निघणारच आहे.