वैद्यकसंशोधन आणि राजाश्रय : हैदराबादची दोन उदाहरणे

राजाश्रय हा शब्द आपण बहुधा काव्य, संगीत आणि शिल्प यांच्या संदर्भातच योजतो. वैद्यकालाही राजाश्रय लाभतो, आणि तो भरपूर लाभला तरी सत्य हाती येईलच असा नेम नाही, हे दाखविणाऱ्या दोन घटना गेल्या शतकापूर्वीच्या शतकात हैदराबादेत आणि तिला लागून असलेल्या सिकंदराबादेत अवघ्या आठ वर्षांच्या अंतराने घडल्या. पहिलीत खजिना मोकळा होता; दुसरीत संशोधकाला साधी सवडही मिळेना. या दोहोंची तुलना आजही बोधप्रद ठरेल, असे आम्हांस वाटते.

पहिली घटना क्लोरोफॉर्मची. एडिंबरो येथील जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ च्या नोव्हेंबरात हे द्रव्य भूल देण्यासाठी वापरात आणले, आणि शस्त्रक्रियेतील यातना टळू लागल्या. परंतु पुढच्याच जानेवारीत हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची इंग्लिश मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. त्यानंतर असे मृत्यू अधूनमधून घडतच राहिले. ते हृदय बंद पडून येतात की श्वास कोंडून, याविषयी दोन पक्ष पडले. एडिंबरोचे शस्त्रवैद्य जेम्स साइम यांचा संप्रदाय सांगे की, श्वासोच्छ्वासावर लक्ष ठेवा, नाडीकडे पाहण्याचे कारण नाही. उलट, ग्लासगो येथील एका समितीने १८८० च्या सुमारास क्लोरोफॉर्म प्रत्यक्ष हृदयावरही आघात करते, असा निर्वाळा दिला.

साइम यांचे शिष्य एडवर्ड लॉरी हे १८८५ मध्ये हैदराबादेच्या रेसिडेन्सीचे शस्त्रवैद्य म्हणून आले. तेथील वैद्यकीय शाळेची सूत्रेही त्यांच्याकडे होती. गुरूंचे मत खरे, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सहावे निजाम मीर महबूब अलीखान यांच्या आश्रयाने त्यांनी १८८८ मध्ये पहिले क्लोरोफॉर्म कमिशन भरविले. त्याने लॉरी यांच्या मताला दुजोरा दिला. परंतु लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने तो मान्य केला नाही. तेव्हा निजाम सरकारने एक हजार पौंड देऊ केले आणि 'लॅन्सेट'ने आपलाच प्रतिनिधी पाठवून फेरतपासणी करावी, असे सुचविले. त्यानुसार औषधिशास्त्रातले नामांकित पंडित टॉमस लॉडर ब्रंटन १८८९ च्या अखेरीस हैदराबादेत दाखल झाले.

येथे निजामांच्या औदार्याला आणि न्यायबुद्धीला दाद दिलीच पाहिजे. प्रतिपक्षाच्या परीक्षकाला स्वखर्चाने बोलावणारे आश्रयदाते विरळा. हेही ध्यानी घ्यावे की, त्या खजिन्यात आज मराठवाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशातील शेतकऱ्यांचा सारा जमा होत असे. तेव्हा या प्रयोगांच्या खर्चात आमच्या पूर्वजांचाही वाटा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या कमिशनने कुत्री, माकडे, शेळ्या, ससे अशा चारशेंहून अधिक जनावरांवर प्रयोग केले. रक्तदाबाचे आलेखही घेतले. ब्रंटन येताना हृदयाच्या धोक्यावर विश्वास ठेवून आले होते. प्रयोगांअंती त्यांचे मत पालटले. श्वास आधी थांबतो, हृदय नंतर, असा निष्कर्ष १८९० मध्ये 'लॅन्सेट'मधून सविस्तर प्रसिद्ध झाला. लॉरी यांचा विजय झाला असे दिसले.

परंतु क्लोरोफॉर्मखालचे मृत्यू थांबले नाहीत. १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, भूल हलकी असताना, विशेषतः शरीरात ॲड्रिनॅलिन वाढलेले असता, हृदयाच्या स्नायूचे आकुंचन एकाएकी विस्कळीत होऊन मृत्यू ओढवतो. भयभीत रोग्याला भूल चढू लागण्याची वेळ ती नेमकी हीच. हैदराबादेतील प्रयोगांत मुख्यतः जनावराला अधिकाधिक क्लोरोफॉर्म देऊन आधी काय थांबते, ते पाहिले गेले होते. अतिमात्रेने येणाऱ्या मृत्यूविषयी ते उत्तर बरोबरच होते, आणि श्वासावर डोळा ठेवण्याचा उपदेशही हिताचा होता. पण जो रोगी पहिल्या काही श्वासांतच दगावत असे, त्याचा प्रश्न त्या प्रयोगशाळेत विचारलाच गेला नव्हता. पैसा होता, परिश्रम होते, प्रामाणिकपणाही होता. उणीव होती ती प्रश्नाच्या मांडणीत. एका मताची सिद्धता करावयाची म्हणून कमिशन भरले आणि त्या मताच्या कक्षेबाहेर त्याची दृष्टी गेली नाही.

दुसरी घटना रोनाल्ड रॉस यांची. सैन्यातील हे वैद्य १८९५ मध्ये सिकंदराबादेस आले ते पॅट्रिक मॅन्सन यांची कल्पना मनात घेऊन. हिवतापाच्या जंतूंचा पुढचा प्रवास डासांच्या शरीरात होत असावा, असे मॅन्सन यांचे अनुमान होते. तो कसा होतो, कोणत्या डासात होतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. रॉस यांच्यामागे कमिशन नव्हते. पलटणीची नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात ते डास चिरीत. १८९७ मध्ये रजा घेऊन ते उटीजवळच्या सिगूर घाटात हिवतापाचा तपास करावयास गेले आणि स्वतःच तापाने आजारी पडले. सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू त्यांच्या घामाने गंजले होते. चिरलेले डास उडून जातील म्हणून उन्हाळ्यातही पंखा चालविता येत नसे.

त्याच वर्षी १६ ऑगस्टला हुसेनखान नावाच्या रोग्याला त्यांनी ठिपकेदार पंखांचे डास चाववून घेतले. दर डासामागे त्याला एक आणा देण्यात आला. २० ऑगस्टला, त्यांपैकी मोजकेच डास शिल्लक असताना, एकाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना काळसर कण असलेल्या पेशी दिसल्या. त्याच हिवतापाच्या जंतूंच्या अवस्था होत्या. हजार पौंडांशेजारी हे काही आणे मांडून पाहावेत!

तथापि या गोष्टीवरून दारिद्र्य हेच संशोधनाला पोषक, असे अनुमान काढणे सर्वथा चुकीचे होईल. शोध लागून महिना-सव्वा महिना होतो न होतो तोच रॉस यांची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे झाली. तेथे हिवतापाचे रोगी फारसे नव्हते. मॅन्सन यांनी लंडनहून खटपट केल्यावर १८९८ च्या आरंभी त्यांना कलकत्त्यास खास कामगिरी मिळाली. तेथे त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचे संपूर्ण चक्र उलगडले. परंतु मानवी हिवतापाच्या चक्राची सिद्धता त्याच वर्षी ग्रासी आणि त्यांचे इटालियन सहकारी यांनी केली. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉस यांना लाभले खरे, पण एका अविचारी बदलीने हातचा निम्मा शोध परक्याच्या पदरात गेला.

या दोन घटनांचा निष्कर्ष आम्ही असा काढतो : आश्रयदात्याने द्रव्य द्यावे ते प्रश्नाला, आधीच ठरलेल्या उत्तराला नव्हे, आणि द्रव्याइतकीच सवड द्यावी. हैदराबादेने आणखी एका मार्गाने द्रव्य खर्च केले, त्याचाही येथे उल्लेख करणे प्राप्त आहे. त्याच वैद्यकीय शाळेत १८८५ मध्ये रूपाबाई फरदूनजी यांना प्रवेश मिळाला. जगातील आद्य स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. कमिशनचा निष्कर्ष पंचवीस वर्षांच्या आत अपुरा ठरला. शिकवून तयार केलेल्या माणसाची विद्या मात्र रोग्यांच्या कामी येत राहिली.

आज वैद्यकीय यंत्रे आणि औषधे यांवर सरकारे, विश्वस्त निधी व कंपन्या अफाट पैसा ओततात, आणि निकाल काय लागेल हे अर्जातच लिहून मागतात. अशा वेळी बेगमपेठेतील जतन केलेली रॉस यांची इमारत पाहावयास जाणाऱ्याने हजार पौंडांच्या कमिशनाचेही स्मरण ठेवावे. उत्तर आधीच ठाऊक असेल तर संशोधनाला पैसा हवा कशाला, हा प्रश्न देणाऱ्याने स्वतःला विचारावा आणि घेणाऱ्यानेही.