प्लेग, पुरुष आणि घराची अब्रू : मुंबई-पुणे, १८९६ ते १८९८

१/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागातील गाठीचा ताप हा प्लेग असल्याचे निदान डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी केले. ही साथ पुढे पुण्यात पोहोचली. तिची कथा बहुधा रँड आणि चापेकर बंधूंपाशी थांबते. घरातील कर्त्या पुरुषांनी प्रतिबंधाकडे कसे पाहिले, हा प्रश्न मागे राहतो.

२/ फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. १३ मार्चपासून पुण्यात गोरे सोजीर घरोघर शिरू लागले. रुग्ण इस्पितळात, कुटुंबीय विलगीकरण छावणीत. माजघर आणि देवघरही सुटले नाही.

३/ इस्पितळ म्हणजे मृत्यू, ही भीती सर्वत्र होती. त्यामुळे रुग्ण लपवले जात. स्त्रियांची परक्या पुरुषांकडून तपासणी, हा अपमान पुरुषांना सर्वाधिक झोंबला. सोजिरांचे वर्तन पाहता हा संताप निराधार नव्हता.

४/ मात्र अब्रूचे रक्षण आणि स्त्रीच्या जिवाचे रक्षण या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात एका विणकर कुटुंबाने आजारी मुलीची तपासणी अडवली आणि दंगल उसळली. निर्णय पुरुषांचा होता, आजार मुलीचा.

५/ हे निव्वळ अज्ञान नव्हते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचली. तिसऱ्या आगाखानांनी जाहीरपणे टोचून घेऊन अनुयायांची भीती घालवली. टिळकांनी 'केसरी'तून सोजिरांच्या जुलमावर टीका केली. पण ते स्वतः पुण्यातच राहिले आणि त्यांनी हिंदू प्लेग इस्पितळ उभारण्यास पुढाकार घेतला.

६/ डॉ. यशवंत फुले यांनी पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. एका आजारी मुलाला तेथे पोहोचवताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सोजिरांच्या झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी. यशवंतही १९०५ मध्ये प्लेगनेच गेले.

७/ २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. ३ जुलैला ते मरण पावले. प्लेग मात्र पुढे कित्येक वर्षे राहिला. त्याचा प्रसार पिसवांमार्फत होतो, हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले, पण ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. तोवर सरकार माणसांना वेगळे करत होते आणि पुरुष त्यांना लपवत होते. दारावर सोजीर आला की दार बंद झाले. आपला माणूस आधी दंड पुढे करी, तेव्हा लोकांची भीती ओसरे.