वेबपत्त्याची उकल : प्रश्नचिन्हापुढे दडले आहे काय?

संकेतस्थळावरील एखादा दीर्घ लेख वाचताना ‘पुढील पान’ या शब्दांवर टिचकी मारली, की ब्राऊझरच्या माथ्यावरील पत्त्यात एक बारीकसा बदल होतो. ‘पान=२’ या मजकुराच्या जागी ‘पान=३’ असा मजकूर येतो. चौकस वाचक केव्हातरी तो आकडा स्वतःच्या हाताने बदलून पाहतो आणि थेट दहावे पान उघडते. यात गैर काहीच नाही. मात्र २०११ साली अमेरिकेत सिटीग्रुप या बँकसमूहाच्या क्रेडिट कार्ड संकेतस्थळावर चोरट्यांनी नेमकी हीच युक्ती वापरली. खातेदार म्हणून आत शिरल्यावर पत्त्यातील खात्याचा क्रमांक बदलत जाताच दुसऱ्यांची माहिती समोर येऊ लागली. एका छोट्या आज्ञावलीने हे काम हजारो वेळा केले. तीन लाख साठ हजारांहून अधिक खात्यांची माहिती अशा रीतीने बाहेर गेली आणि सुमारे ३,४०० खात्यांतून २७ लाख डॉलरचे नुकसान झाले.

या प्रकारात कोणतेही कुलूप तोडले गेले नव्हते. पत्त्यात जो मजकूर आला, त्यावर सर्व्हरवरील स्क्रिप्टने निमूटपणे विश्वास ठेवला, एवढेच घडले. वेबपत्ता म्हणजे केवळ ठिकाण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो अनोळखी माणसाने भरून पाठविलेला अर्ज असतो. त्या अर्जातील रकाने वेगळे करून त्यांचा अर्थ लावण्याच्या क्रियेला संगणकाच्या परिभाषेत ‘पार्सिंग’, म्हणजेच उकल, असे म्हणतात. ही उकल कशी चालते आणि कोठे फसते, हे समजून घेणे आज्ञावलीकारांइतकेच सामान्य वाचकांसाठीही उपयुक्त ठरावे.

पत्त्याचे अवयव

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत वेबची उभारणी केली, तेव्हाच पत्त्याची ही घडण आकाराला आली. डिसेंबर १९९४ मध्ये तिचे नियम प्रथम प्रसिद्ध झाले. जानेवारी २००५ मध्ये आलेला ‘आरएफसी ३९८६’ हा दस्तऐवज आजही प्रमाण मानला जातो. ब्राऊझर कंपन्यांच्या ‘व्हॉटडब्ल्यूजी’ या गटाने स्वतःचे वेगळे मानकही तयार केले असून ते सतत अद्ययावत होत असते.

समजण्यासाठी एक काल्पनिक पत्ता घेऊ :

एचटीटीपीएस://उदाहरण.भारत/बातम्या/शहर?विभाग=पुणे&पान=२#हवामान

यातील पहिला भाग संवादाची पद्धत सांगतो. त्यानंतरच्या दोन तिरप्या रेघांची खरे तर गरज नव्हती, अशी कबुली बर्नर्स-ली यांनीच २००९ मध्ये दिली होती. पुढे यजमान संगणकाचे नाव आणि मग पहिल्या तिरप्या रेघेपासून मार्ग सुरू होतो. प्रश्नचिन्हानंतर पॅरामीटर येतात. प्रत्येक पॅरामीटरला नाव आणि मूल्य असते, त्यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह असते आणि एका जोडीपासून दुसरी जोडी ‘&’ या चिन्हाने वेगळी होते. ‘#’ या चिन्हानंतरचा भाग मात्र ब्राऊझर स्वतःजवळच ठेवतो, तो सर्व्हरकडे जात नाही. या भागातील मजकूर स्क्रिप्टमध्ये शोधत बसणाऱ्या नवशिक्यांचा वेळ त्यामुळेच वाया जातो.

सर्व्हरच्या दारात

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘एनसीएसए’ या केंद्रात १९९३ साली ‘सीजीआय’ ही पद्धत रूढ झाली. प्रश्नचिन्हानंतरचा सगळा मजकूर सर्व्हर ‘क्वेरी स्ट्रिंग’ या नावाने जसाच्या तसा स्क्रिप्टच्या हाती देत असे. त्याची फोड करण्याचे काम प्रत्येकाने आपापल्या परीने करावयाचे, अशी रीत होती. पुढे भाषांनीच हे काम अंगावर घेतले. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ मध्ये जगापुढे आणलेल्या पीएचपी या भाषेने तर सोयीचा कळस केला. पत्त्यातील प्रत्येक पॅरामीटर स्क्रिप्टमध्ये आपोआप त्याच नावाचा चल होऊन अवतरत असे.

या सोयीची किंमत लवकरच कळून आली. स्क्रिप्टमध्ये ‘अधिकार’ नावाचा चल असेल आणि त्याला आरंभीचे मूल्य द्यायला आज्ञावलीकार विसरला असेल, तर पत्त्याच्या शेवटी ‘&अधिकार=१’ एवढे जोडून कोणीही व्यवस्थापक बनू शकत असे. एप्रिल २००२ मध्ये आलेल्या पीएचपी ४.२.० या आवृत्तीत ही सुविधा मुळात बंद ठेवण्यात आली आणि २०१२ मधील ५.४ या आवृत्तीत ती कायमची काढून टाकण्यात आली. आता बाहेरून आलेली मूल्ये ‘गेट’ या वेगळ्या पेटीतून मागून घ्यावी लागतात. बाहेरचे काय आणि घरचे काय, हा भेद त्यामुळे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर राहतो.

आधी तोडा, मग उलगडा

पत्त्यात काही चिन्हांना विशेष अर्थ असल्यामुळे तीच चिन्हे मजकुरात आल्यास पंचाईत होते. त्यावर तोडगा म्हणून अशा चिन्हाऐवजी टक्क्याचे चिन्ह आणि दोन अंकी संकेत लिहितात. ‘&’ साठी %२६, मोकळ्या जागेसाठी %२० आणि खुद्द टक्क्यासाठी %२५ हे संकेत आहेत. (येथे देवनागरीत छापलेले अंक प्रत्यक्षात इंग्रजी अंकांतच असतात.)

समजा, एखाद्या खाद्यपदार्थांच्या संकेतस्थळावर वाचकाने ‘चहा&भजी’ असा शोध घेतला. ब्राऊझर ‘शोध=चहा%२६भजी’ असा मजकूर धाडतो. स्क्रिप्टने आधी संकेत उलगडले आणि नंतर ‘&’ पाशी तुकडे केले, तर शोधात फक्त चहा उरतो आणि भजी निराळा पॅरामीटर म्हणून बाजूला पडते. योग्य क्रम उलटा आहे. प्रथम ‘&’ पाशी तुकडे करायचे, मग प्रत्येक तुकडा पहिल्या बरोबरच्या चिन्हापाशी दुभागायचा आणि शेवटी नाव व मूल्य स्वतंत्रपणे उलगडायचे. पॅरामीटरमध्ये अधिकच्या चिन्हाचा अर्थ बहुधा मोकळी जागा असा होतो, हेही विसरून चालत नाही. संकेत न करता ‘सी++’ या भाषेचा शोध पाठविला, की सर्व्हरला केवळ ‘सी’ आणि दोन मोकळ्या जागा मिळतात, त्या यामुळेच.

उलगडणे एकदाच, हा दुसरा नियम. %२५२६ हा मजकूर एकदा उलगडला तर %२६ मिळतो. तोच पुन्हा उलगडला तर ‘&’ मिळतो, जो पाठविणाऱ्याच्या मनातही नव्हता. आरएफसी ३९८६ ने अशा दुहेरी उलगड्यास स्पष्ट मनाई केली आहे. ही मनाई किती अनुभवसिद्ध आहे, याचा दाखला मायक्रोसॉफ्टच्या ‘आयआयएस’ या सर्व्हरने दिला होता. वाचकाला ठरावीक फोल्डरच्या बाहेर जाता येऊ नये, यासाठी हा सर्व्हर पत्त्याची तपासणी करी. परंतु तपासणी आटोपल्यावर तो मजकूर पुन्हा एकदा उलगडत असे. दुहेरी संकेतात लपविलेला मार्ग त्यामुळे पहाऱ्यातून सुटून जाई आणि सर्व्हरवरील आज्ञा बाहेरून चालविता येत. मे २००१ मध्ये कंपनीने ही त्रुटी जाहीर करून दुरुस्ती दिली. तरीही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पसरलेल्या ‘निमडा’ या विषाणूने दुरुस्ती न केलेल्या सर्व्हरमध्ये शिरण्यासाठी जे मार्ग वापरले, त्यांत हाही एक होता.

मराठी अक्षरांचा पेच

मराठी विकिपीडियावरील एखाद्या लेखाचा पत्ता दुसरीकडे चिकटविला, की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ उमटते, हा अनुभव अनेकांना असेल. युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइटला तीन जागा लागतात. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि एकार अशी चार चिन्हे आहेत. साहजिकच पत्त्यात तो ३६ जागा व्यापतो. इंटरनेट एक्सप्लोरर या जुन्या ब्राऊझरमध्ये पत्त्याची कमाल लांबी २,०८३ होती, म्हणजे उण्यापुऱ्या २३१ देवनागरी चिन्हांत ती संपून जाई.

यजमानाच्या नावाला मात्र ही पद्धत लागू होत नाही. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम उपलब्ध झाले असून मराठी आणि कोकणीसह अनेक भाषांना ते वापरता येते. अशा नावाचे रूपांतर ‘प्युनिकोड’ या निराळ्या पद्धतीने होते. एकाच पत्त्यातील ‘पुणे’ हा शब्द नावात एका वेषात आणि पॅरामीटरमध्ये दुसऱ्याच वेषात प्रवास करतो. संपूर्ण पत्ता एकाच पद्धतीने उलगडू पाहणारी स्क्रिप्ट येथे हमखास चुकते.

याहून सूक्ष्म पेच आपल्या ‘ऱ’चा आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दातील हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येते, तसेच ‘र’ अधिक नुक्ता असेही लिहिता येते. काही कळफलक तर ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य सांधा अशी तिसरीच जुळणी करतात. डोळ्यांना तिन्ही रूपे सारखीच दिसतात, पण बाइटच्या पातळीवर ती भिन्न असतात. पहिल्या दोन रूपांचे एकरूपीकरण युनिकोडच्या प्रमाणित नियमाने होते, तिसऱ्यासाठी स्क्रिप्टमध्ये स्वतंत्र तजवीज करावी लागते. ती नसेल तर संग्रहात लेख असूनही ‘वऱ्हाड’ शोधणाऱ्याला ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर मिळते.

एकच पत्ता, अर्थ मात्र दोन

‘पान=२&पान=९’ असा पत्ता आला तर कोणते पान दाखवावे? मानकात याचे उत्तर नाही. पीएचपी शेवटचे मूल्य धरते, जावाची नेहमीची पद्धत पहिले मूल्य देते, तर मायक्रोसॉफ्टची जुनी एएसपी दोन्ही मूल्ये स्वल्पविरामाने जोडून हाती ठेवत असे. दारावरचा पहारेकरी अर्जातील पहिली ओळ वाचतो आणि आतला कारकून शेवटच्या ओळीवर शिक्का मारतो, असा हा प्रकार आहे. स्टेफानो दि पाओला आणि लुका कारेत्तोनी या इटालियन तज्ज्ञांनी २००९ मध्ये या विसंगतीचा गैरवापर कसा होतो, हे सप्रमाण मांडले.

यजमानाच्या नावाबाबतही असाच घोळ होतो. ‘बँक.भारत@चोर.भारत’ या पत्त्यातील खरा यजमान ‘चोर.भारत’ आहे. ‘@’ च्या आधीचा भाग केवळ वापरकर्त्याचे नाव मानला जातो. ‘पत्त्याच्या सुरुवातीला आमच्या बँकेचे नाव आहे ना?’ एवढेच तपासून वाचकाला पुढे धाडणारी स्क्रिप्ट त्याला थेट चोराच्या दारी पोहोचवते. तैवानचे संशोधक ऑरेंज त्साय यांनी २०१७ मध्ये ‘ब्लॅक हॅट’ परिषदेत दाखवून दिले, की निरनिराळ्या भाषांमधील तयार साधने एकाच विचित्र पत्त्यातून निरनिराळे यजमान काढतात. पीएचपीतील ‘पार्स_यूआरएल’ या जुन्या साधनाचे निष्कर्ष सदोष पत्त्यांबाबत विश्वासार्ह नसतात, असा इशारा त्या भाषेच्या माहितीपुस्तिकेतच दिलेला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या पीएचपी ८.५ मध्ये दोन्ही मानकांनुसार चालणारी नवी साधने समाविष्ट झाली आहेत.

उकल म्हणजे परवानगी नव्हे

उकल अचूक झाली तरी काम संपत नाही. ‘पान’ हे मूल्य उणे असेल, अक्षरांत असेल किंवा मुळीच नसेल. नावापुढे चौकटी कंस जोडले, तर पीएचपी त्याला मूल्य न मानता यादी मानते आणि बेसावध स्क्रिप्ट कोलमडते. मूल्य थेट डेटाबेसच्या आज्ञेत चिकटविले, तर पत्त्यातूनच नवी आज्ञा घुसविता येते. ही युक्ती डिसेंबर १९९८ मध्येच ‘फ्रॅक’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. आज्ञा आणि मूल्य डेटाबेसकडे स्वतंत्रपणे सोपविणे, हाच त्यावरचा खात्रीचा उपाय होय.

आणि मूल्य सर्वार्थाने निर्दोष असले, तरी ते मागण्याचा अधिकार या व्यक्तीला आहे काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो. सिटीग्रुपच्या प्रकरणानंतर आठ वर्षांनी, मे २०१९ मध्ये, अमेरिकेतील ‘फर्स्ट अमेरिकन’ या मालमत्ता-विमा कंपनीच्या संकेतस्थळावरही तेच उघडकीस आले. पत्त्यातील दस्तऐवजाचा क्रमांक बदलला, की दुसऱ्याच्या घरव्यवहाराची कागदपत्रे दिसत होती, तीही कोणताही परवलीचा शब्द न विचारता. अशा सुमारे ८८ कोटी ५० लाख नोंदी उघड्यावर होत्या. तो क्रमांक वाचण्यात स्क्रिप्टची चूक झाली नव्हती. विचारणारा कोण आहे, हे मात्र तिने विचारलेच नव्हते.

चौकट : स्क्रिप्ट लिहिताना एवढे पाळावे

- पत्त्याची फोड हाताने न करता भाषेतील प्रमाणित साधनाने करावी. तपासणी आणि प्रत्यक्ष वापर या दोहोंसाठी साधन एकच असावे.
- आधी तुकडे, मग उलगडा, आणि उलगडा एकदाच. तपासणी उलगड्यानंतर करावी.
- प्रत्येक पॅरामीटरचा प्रकार, मर्यादा आणि अनुपस्थिती गृहीत धरावी. एकच नाव दोनदा आल्यास काय करायचे, ते आधी ठरवावे.
- मराठी मजकुराचे युनिकोड एकरूपीकरण केल्यावरच शोध घ्यावा.
- परवलीचा शब्द वा गोपनीय क्रमांक पत्त्यात कधीही ठेवू नये. पत्ता सर्व्हरच्या नोंदवहीत आणि ब्राऊझरच्या इतिहासात शिल्लक राहतो.
- पत्त्यातील क्रमांकावरून नोंद देण्यापूर्वी ती नोंद मागणाऱ्याचीच आहे, याची खातरजमा प्रत्येक वेळी करावी.