हजेरीपटातील 'गै'



रोज प्रार्थना संपली की शिक्षक हजेरीपट उघडतो व नावे वाचू लागतो. एखाद्या नावापुढे 'हजर' असा आवाज येत नाही. तेथे 'गै' असे लिहून तो पुढच्या नावाकडे वळतो. नांदेड-लातूर भागातील एखाद्या खेड्याच्या शाळेचा पट दिवाळीनंतर चाळून पाहावा. काही नावांपुढे 'गै'ची रांग लागलेली असते, ती थेट गुढीपाडव्यापर्यंत. या गैरहजेरीचे खापर आपण सहसा पालकांच्या अज्ञानावर व उदासीनतेवर फोडतो. हे निदान कितपत बरोबर आहे, हे इतिहासाला विचारावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न आजचा नाही. सन १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी त्याचे मूळ दाखवून दिले होते. शेतकऱ्याला गुरे राखण्यासाठी व शेतीच्या कामासाठी मुलांचे हात लागतात, म्हणून अतिदारिद्र्यामुळे तो त्यांना शाळेत धाडू शकत नाही, असे त्यांनी मांडले. किमान १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यांनी केली. परंतु त्याबरोबरच अशा मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे देऊन शाळेकडे ओढावे, असेही सुचविले. सक्ती आणि साहाय्य या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये याच हेतूने विधेयक मांडले, परंतु ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला. हा दंड आपण सर्व जण सांगतो. परंतु त्यापूर्वीच, १९०१ पासून, महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारावयास प्रारंभ केला होता, हे सांगावयाचे विसरतो. १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करून त्यांनी मुस्लिम विद्यार्थ्यांचीही सोय केली. ज्या मुलाच्या घरी शिकण्याची सोय नाही, त्याला आधी राहावयास जागा द्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

या काळात आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे या कायद्यांचा लाभ येथील मुलास झाला नाही. शाळा थोड्या, त्याही बहुधा मोठ्या गावी. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो थोर प्रयोग होता खरा, पण ती भाषा उर्दू असल्याने खेड्यातील मराठी मुलास वरच्या शिक्षणाची वाट परकी वाटे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटले. मराठी मुलाची अडचण दूर झाली आणि उर्दूत शिकणाऱ्या मुलापुढे तीच अडचण उभी राहिली. भाषा बदलली की वर्गातला कोणी तरी मुका होतो, आणि मुका झालेले मूल हळूहळू शाळेत येईनासे होते. ही गोष्ट दोन्ही समाजांनी अनुभवलेली आहे. तेव्हा तीबद्दल एकमेकांस दोष न देता ती समजून घेणे बरे.

भाषेच्या अडचणीत पोटाच्या अडचणीची भर पडली. १९७२ च्या दुष्काळात घरेच्या घरे खडी फोडावयास गेली. ऊसतोडीचे चक्र तर अजूनही फिरतेच आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड निघते ते उन्हाळा लागल्यावर परतते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तशा वर्षी घागर घेऊन रांगेत उभे राहण्याचे कामही बहुधा मुलीच्याच वाट्यास येते.

आपल्या मुस्लिम समाजापुरते बोलावयाचे तर २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने ६ ते १४ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली, असे दाखवून दिले. गॅरेज, हॉटेल, फळांचा गाडा, शिवणयंत्र ही त्यांची शाळा झाली.

येथे माझा एक अपराध कबूल केला पाहिजे. माझ्या वर्गातील सहावीची एक मुलगी दिवाळीनंतर येईनाशी झाली. चौकशी न करता मी शेऱ्यात 'पालक उदासीन' असे लिहिले. बऱ्याच दिवसांनी तिच्या घरी गेलो. आजी म्हणाली, "गुरुजी, माय-बाप फडात, तान्हं लेकरू कोपीत. त्याला कोण सांभाळावं?" चैत्रात मुलगी परत आली. मी तिला "कुठे होतीस?" असे विचारले, "काय काय राहून गेले?" असे विचारले नाही. वर्ग पुढे गेला होता. पंधरा दिवसांनी ती पुन्हा दिसली नाही. उदासीन कोण होते, हे मला तेव्हा कळले.

४ जुलै २०१५ रोजी राज्यभर शाळाबाह्य मुलांची एका दिवसात मोजणी झाली व मुलांच्या बोटास शाई लावण्यात आली. परंतु जुलैत ऊसतोड नसते. जे मूल पौषात हरवते ते आषाढात मोजून कसे सापडणार?

मग करावे काय? १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाची उपस्थिती पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे, व पालकांना भेटून तिच्याबद्दल सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. तेव्हा मूल ३ दिवस आले नाही तर चौथ्या दिवशी शिक्षकाने त्याच्या दारी जावे. पालकसभा दुपारी न घेता मजूर घरी परततो त्या वेळी, मोहल्ल्यातच घ्यावी. मकतब व शाळा यांच्या वेळा एकमेकींच्या आड येत असतील तर जबाबदार मंडळींनी एकत्र बसून त्या जुळवाव्यात. परतलेल्या मुलासाठी राहिलेल्या धड्यांचा वेगळा तास ठेवावा. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह आणि फडाजवळ साखरशाळा या दोन्ही वाटा शासनाने व संस्थांनी चालवून पाहिल्या आहेत. धाकट्या भावंडासाठी पाळणाघर नसेल, तर थोरली बहीण वर्गात येणार नाही.

आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांनी दरवर्षी निदान एका गावची अशी मुले हंगामभर सांभाळली, तर शाहू महाराजांनी दाखविलेल्या वाटेने आपण थोडे तरी चाललो असे होईल. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या 'गै' लिहिताना क्षणभर थांबा. ते मूल या घटकेस कोठे असेल, याचे उत्तर आपणास ठाऊक नसेल, तर शाळा सुटल्यावर तेवढे एक घर गाठा, ही नम्र विनंती.