न्यूट्रॉनचा वंशवृक्ष

बोईसर स्थानकावरून समुद्राच्या दिशेने गेले की तारापूरचे अणुवीज केंद्र लागते. भारतातली पहिली अणुवीज १९६९ साली इथेच तयार झाली. पण भट्टीत न्यूट्रॉन किती उरतात, याचा हिशेब कसा करतात? ती हकिकत मला सांगायची आहे.

न्यूट्रॉन युरेनियमच्या अणुकेंद्रावर आदळला की ते दुभंगते आणि सरासरी अडीच नवे न्यूट्रॉन सुटतात. काही निसटतात, काही शोषले जातात, काही पुन्हा अणू फोडतात. हा वंशवृक्षच म्हणा ना! प्रत्येक पिढीत संख्या तेवढीच राहिली तर भट्टी स्थिर, घटली तर ती विझत जाणार आणि वाढू लागली तर आवरावी लागणार.

पण प्रत्येक फांदी नशिबावर फुटते. यावरचा उपाय लॉस अलामॉसचे गणिती स्टानिस्लाव उलाम यांना १९४६ साली आजारपणात पत्ते लावताना सुचला. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा पुष्कळ डाव खेळून सुटलेले मोजावेत! जॉन फॉन नॉयमन यांनी १९४७ साली ही रीत न्यूट्रॉनसाठी मांडली. प्रत्येक वळणावर संगणकाने एक आकडा काढायचा आणि त्यावरून न्यूट्रॉनचे पुढचे ठरवायचे. १९४८ साली एनियाक संगणकावर ही आकडेमोड झाली. कॅसिनोच्या गावावरून तिला मॉन्टे कार्लो हे नाव मिळाले.

तिची किंमत मात्र मोठी. चूक निम्मी करायची तर चौपट डाव खेळावे लागतात, दहाव्या हिश्श्यावर आणायची तर शंभरपट. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या देशी संगणकाच्या स्मृतीत जेमतेम २०४८ शब्द मावत. त्या काळी भट्ट्यांचे गणित मुख्यतः सरासरी वर्तन सांगणाऱ्या समीकरणांवर चाले. संगणक वाढले, तशी ही रीत रुळली. आज कोट्यवधी न्यूट्रॉनांचे वंशवृक्ष यंत्रावर वाढवून पाहता येतात.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ही रीत उत्तराबरोबर त्यातल्या अनिश्चिततेचा अंदाजही देते. अर्थात मूळ माहितीच चुकीची असेल, तर लाख डाव खेळूनही उत्तर चुकणारच. म्हणून प्रत्यक्ष मोजमापाशी ताळा घ्यावाच लागतो. पालघर-बोईसरचा माणूस या हिशेबाच्या शेजारीच राहतो. त्याला कुणी आकडा सांगितला, तर तो कितपत पक्का आणि कशाशी पडताळला, हे त्याने जरूर विचारावे.