अम्मीचा अडकित्ता

अम्मीचं एक पितळी पानदान होतं आणि त्यात एक अडकित्ता. माहेराहून तिनं आणलेल्या सामानातलं तेवढंच शेवटपर्यंत टिकलं. 1998 साली अम्मी गेली. चाळिसावा झाल्यावर आम्ही भावांनी घर आवरायला काढलं आणि तांब्यापितळेची सगळी भांडी मोडीत घातली. पानदानासकट. मोडवाल्यानं ती काट्यावर टाकली, किलोच्या भावानं पैसे मोजले. तेव्हा काही वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. उलट माळा मोकळा झाला म्हणून बरंच वाटलं.

काही वर्षांनी पुण्यात शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. तिथं काचेमागं अडकित्तेच अडकित्ते! कुणी घोड्याच्या आकाराचा, कुणी स्त्रीपुरुषाच्या जोडीचा. माझे पाय तिथंच थांबले.

हा संसार जमवला एका कवीनं. दिनकर गंगाधर केळकर, 1896 चा जन्म, कवितेतलं नाव 'अज्ञातवासी'. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पेशवाई बुडून शंभर वर्षं झाली होती, जुने वाडे खचत होते. इतिहास वाचवायची धडपड तेव्हा पुण्यात नवी नव्हती. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरं धुंडाळली होती, भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 मध्ये उभं राहिलं होतं. पण ती धडपड मुख्यतः कागदांची. तहनामे, वंशावळी, पत्रं. केळकरांची नजर गेली ती दिव्यांवर, दौतींवर, फण्यांवर, पाय घासायच्या वज्रीवर. ज्या बायकांचं नाव कुठल्या दप्तरात आलं नाही, त्यांच्या हातातल्या या वस्तू. मला हे काम राजवाड्यांच्या कामाइतकंच मोठं वाटतं. कोथरूडचा मस्तानी महाल मोडीत निघाला, तोही त्यांनी आणून संग्रहालयात उभा केला. वस्तूंची संख्या वीस हजारांवर गेली आणि शेवटी तो सगळा ठेवा त्यांनी शासनाच्या हवाली केला. नाव मात्र स्वतःचं एकट्याचं दिलं नाही. राजा हा त्यांचा मुलगा, लहानपणीच गेलेला. ज्यानं घरातलं मूल गमावलं, त्याला दुसऱ्याच्या घरातली समई टाकवली नसेल, असा माझा आपला तर्क. कवीचा तर्क, इतिहासकारांनी मनावर घेऊ नये.

त्या दिवसानंतर मला जुन्या बाजाराची खोड लागली. पुण्यात तो बुधवारी आणि रविवारी भरतो. अम्मीचं पानदान मिळणार नाही हे कळतं, तरी पितळेच्या ढिगापाशी मी वाकतोच. एकदा तिथं एक फ्रेम दिसली. आत स्टुडिओतला फोटो. नऊवारीतली बाई, मांडीवर टोपडं घातलेलं बाळ. काच तडकलेली. किंमत विचारली तर दुकानदार म्हणाला, "चाचा, पैसे फ्रेमचे. फोटो नको असला तर काढून देतो."

मी म्हटलं, "उलटं कर. फ्रेम तुला ठेव, फोटो मला दे."

त्यानं माझ्याकडं जरा बघितलं आणि फोटो काढून हातावर ठेवला. पैसे घेतले नाहीत. मागं शाईनं दोनच शब्द होते, 'बाळ, सहा महिने'. साल नाही, गाव नाही.

तो फोटो आता आमच्या घरच्या आल्बममध्ये आहे, अम्मीच्या फोटोशेजारी. परवा नातीनं विचारलं, "दादा, ही आपली कोण?"